मनगटावरचा आकडा आणि छातीतले ठोके

एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आमच्या गटातील कुटुंबे पाच किलोमीटरची धाव आयोजित करतात. तिचा सराव जानेवारीतच सुरू होतो. इंग्लंडच्या मध्यभागातील आमच्या गावात जानेवारीची सकाळ म्हणजे गवतावर गोठलेले दव, प्रत्येक श्वासाची वाफ आणि हातमोज्यांतही बधिर झालेली बोटे. अशाच एका शनिवारी आम्ही आठ-दहा जण बागेला फेऱ्या मारत होतो. आमच्यात एक ज्येष्ठ आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. वय एकसष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे आणि ठोक्यांचा वेग आवरणारी, बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी ते रोज घेतात. रुग्णालयाच्या व्यायामवर्गात त्यांना बजावले होते की चालावे, हळू धावावे, पण ठोके मिनिटाला ११० च्या पुढे जाऊ देऊ नयेत. त्यासाठीच मुलीने त्यांना वाढदिवसाला घड्याळ भेट दिले होते.

तिसऱ्या फेरीत चढावर मी त्यांच्या शेजारी आलो. त्यांचा चेहरा लालसर काळवंडला होता आणि एक वाक्य पुरे होईना. मी थांबा म्हणालो, तर त्यांनी मनगट पुढे केले. "ऐंशीच आहेत की रे ठोके!" पडद्यावर खरोखरच ८० होते. मी हट्टाने त्यांना बाकावर बसवले, हातमोजा काढला आणि दोन बोटांनी नाडी मोजली. पंधरा सेकंदांत ३१ ठोके, म्हणजे मिनिटाला १२४. थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरू लागतात. त्यामुळे धावताना ते १२४ हून अधिकच असणार. सुदैवाने काही अघटित घडले नाही. दहा मिनिटांत श्वास जाग्यावर आला आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची भेटही झाली. मात्र बाकावर बसल्या बसल्या काकांनी विचारलेला प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. ते म्हणाले, "मग हे घड्याळ खोटं का बोललं?"

मी उपजीविकेसाठी संकेत-प्रक्रियेचे, म्हणजे गोंगाटातून कामाचा संदेश वेगळा काढण्याचे काम करतो. तेही रेल्वेरुळांच्या कंपनांबाबत. मी वैद्य नाही. परंतु त्या संध्याकाळी काकांच्या फोनवर धावेचे आलेख उघडले तेव्हा उत्तर समोरच दिसले. ठोक्यांची रेषा ८० वर जवळजवळ सपाट होती. खाली पावलांचा आलेख होता आणि तो मिनिटाला १६० पावले दाखवत होता. १६० च्या बरोबर निम्मे ८०. घड्याळाने काकांचे हृदय मोजलेच नव्हते. त्याने त्यांचा हात मोजला होता.

हे कसे घडते ते समजण्यासाठी घड्याळाच्या पाठीमागे लुकलुकणारा हिरवा दिवा पाहावा लागेल. या पद्धतीचे शास्त्रीय नाव फोटोप्लेथिस्मोग्राफी. अमेरिकन शास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात तिचा पाया घातला. तत्त्व साधे आहे. त्वचेत प्रकाश सोडायचा आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. हृदयाचा ठोका पडला की सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, रक्त जास्त प्रकाश शोषते आणि परतीचा प्रकाश किंचित मंदावतो. लाट ओसरली की तो पुन्हा वाढतो. हिरवा रंग निवडण्यामागे दोन कारणे आहेत. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते आणि हा प्रकाश त्वचेत फार खोल जात नाही, त्यामुळे आतील स्नायूंच्या हालचालीचा त्रास कमी होतो. इन्फ्रारेड किरण अधिक खोल जातात. शांत बसलेल्या माणसावर ते उत्तम चालतात, धावणाऱ्यावर मात्र अधिक गोंधळतात.

अडचण आहे ती त्या 'किंचित' मध्ये. मनगटावरून परत येणाऱ्या प्रकाशात नाडीमुळे होणारा बदल जेमतेम एखादा टक्का असतो, बरेचदा त्याहूनही कमी. उरलेला प्रकाश त्वचा, चरबी, हाडे आणि शिरांतील संथ रक्त यांच्याकडून जसाच्या तसा परतत असतो. आता माणूस धावू लागला की हात हलतो, घड्याळ त्वचेवर मागेपुढे सरकते, फटीतून उजेड आत शिरतो, आणि हाताच्या प्रत्येक झोक्याबरोबर मनगटातील रक्तही हिंदकळते. हे सारे बदल नाडीच्या बदलापेक्षा कित्येक पटींनी मोठे असतात. मिरवणुकीत ढोल-ताशा वाजत असताना शेजाऱ्याने कानात सांगितलेली गोष्ट ऐकण्यासारखेच हे काम आहे.

घड्याळ बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून घड्याळात त्वरणमापक असतो, जो हाताची हालचाल स्वतंत्रपणे टिपतो. संगणकीय प्रक्रिया प्रकाशाच्या संकेतातून या हालचालीचा वाटा वजा करू पाहते. कल्पना उत्तम आहे, आणि ठोक्यांची गती हालचालीच्या गतीपासून दूर असेल तर ती यशस्वीही होते. पण धावणाऱ्याची पावले साधारणपणे मिनिटाला १६० ते १८० पडतात आणि जोरात धावणाऱ्याचे हृदयही बरेचदा त्याच पट्ट्यात ठोके देत असते. दोन्ही लयी एकमेकींवर पडल्या की हालचाल वजा करताना नाडीही वजा होते, किंवा पावलांनाच नाडी समजले जाते. धावपटूंच्या बोलण्यात याला घड्याळ पावलांना चिकटले असे म्हणतात. हाताचा एक पूर्ण झोका, म्हणजे पुढे जाऊन मागे येणे, दोन पावलांत पुरा होतो. त्यामुळे हाताची लय पावलांच्या निम्मी असते. १६० पावलांच्या धावेत घड्याळाच्या कानावर १६० आणि ८० अशा दोन जबरदस्त लयी सतत आदळत असतात आणि ते कोणत्याही एकीला बळी पडू शकते. तिशीतला तंदुरुस्त तरुण सौम्य गतीने धावत असेल तर घड्याळ त्याला उगाच १७० दाखवते आणि तो घाबरतो. काकांच्या बाबतीत ते दुसऱ्या बाजूला घसरले, आणि हे घसरणे अधिक धोक्याचे होते, कारण त्याने धीर दिला.

त्यात थंडीने भर घातली. थंडीत शरीर उष्णता राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील सूक्ष्म वाहिन्या आकसून घेते. मनगटावर रक्ताची लाटच क्षीण होते, म्हणजे आधीच हलका असलेला आवाज आणखी हळू होतो. काकांनी घड्याळ सैल, अगदी मनगटाच्या हाडावर बांधले होते. त्यावर लोकरीचा हातमोजा. गोंधळ होण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही.

संकेत हरवला हे घड्याळाला कळत नाही काय? बरेचदा कळते. प्रक्रियेच्या आत संकेत किती विश्वासार्ह आहे याचा अंदाज बांधला जातोच. काही घड्याळे अशा वेळी आकडा फिका करतात किंवा नुसत्या आडव्या रेषा दाखवतात. पण अनेकदा आधीचा आकडा, शक्यता आणि सरासरी यांची सांगड घालून एक गुळगुळीत, ठाम आकडा पडद्यावर ठेवला जातो. ग्राहकाला रिकामा पडदा आवडत नाही, हे व्यापाराचे गणित. माझा आक्षेप इथेच आहे. रुळांच्या कंपनांचा अहवाल देताना मी 'या भागातील नोंद भरवशाची नाही' असे लिहिले नाही, तर माझी नोकरी जाईल. माणसाच्या हृदयाचा अहवाल देणाऱ्या यंत्राला ही सवलत का असावी?

संशोधकांनी हे अनुभव मोजूनही पाहिले आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ५० निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवले, पळवले आणि चार मनगटी उपकरणांचे आकडे ईसीजीशी ताडून पाहिले. छातीच्या पट्ट्याचा मेळ ०.९९ इतका होता, म्हणजे जवळजवळ पूर्ण. मनगटी उपकरणांचा मेळ ०.८३ ते ०.९१ दरम्यान राहिला, आणि विश्रांतीत बरी असलेली अचूकता व्यायामात उतरली. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली ५३ व्यक्तींवर केलेल्या चाचणीत हालचालीच्या वेळची सरासरी चूक विश्रांतीच्या तुलनेत ३० टक्क्यांनी अधिक आढळली. घड्याळे दरवर्षी सुधारत आहेत आणि सरळ रस्त्यावर एकाच गतीने धावताना आजची चांगली घड्याळे पुष्कळदा बरोबर असतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण सरासरी चूक लहान आहे याचा अर्थ चढावरच्या त्या चार मिनिटांतील चूक लहान आहे असा होत नाही. सरासरीला चढ ठाऊक नसतो.

आता आपल्या घरांत हमखास विचारला जाणारा प्रश्न. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ही घड्याळे अधिक चुकतात का? प्रश्न रास्त आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषते. त्यामुळे परतणारा प्रकाश कमी होणे भौतिकशास्त्राला धरूनच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात ६० जणांवर सात उपकरणे तपासली गेली, आणि गडद त्वचा असलेल्यांत चूक अधिक दिसली. वर उल्लेखलेल्या ड्यूकच्या अभ्यासात मात्र त्वचेच्या रंगानुसार अचूकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. फरक होता तो उपकरणा-उपकरणांत आणि हालचालीच्या प्रकारांत. दिव्याची प्रखरता आपोआप वाढवून बरीच भरपाई करता येते, हे यामागचे एक संभाव्य कारण. तेव्हा घड्याळ आपल्या रंगामुळे चुकते असे सरसकट म्हणणे आजच्या पुराव्याला धरून नाही, आणि प्रश्न मिटला असे म्हणणेही नाही.

ऑक्सिजन मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची गोष्ट याहून गंभीर आहे. त्याचेही तत्त्व प्रकाशाचेच. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक पातळीवर उतरलेला असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, असा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के तर श्वेतवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के नोंदींमध्ये घडत होता. ते कोविडचे वर्ष होते. आपल्यापैकी किती घरांत तेव्हा या चिमट्याच्या आकड्यावर रात्री काढल्या गेल्या हे वेगळे सांगायला नको. पुढे ब्रिटिश सरकारने वैद्यकीय उपकरणांतील समानतेची स्वतंत्र समीक्षा करवली. तिचा अहवाल मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ऑक्सिमीटरचा हा प्रश्न अग्रस्थानी होता. आणखी एक बारीक बाब सांगतो. या अभ्यासांत त्वचेचा रंग ज्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीने अनेकदा मोजतात, ती १९७५ साली उन्हाने त्वचा किती भाजते हे ठरवण्यासाठी तयार झाली होती आणि आरंभी तिच्यात केवळ गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते. तपकिरी आणि काळी त्वचा नंतर जोडली गेली. मोजणारे यंत्र कोणावर पारखले आणि ती पारख कोणत्या पट्टीने केली, हे विचारण्याची सवय आपल्याला असायलाच हवी.

रंगापेक्षा गोंदणाचा परिणाम अधिक थेट असू शकतो. त्वचेतील गडद शाई प्रकाश अडवते. काही घड्याळकंपन्या स्वतःच तसे सांगतात. हल्लीच्या मुलांचे मनगटभर टॅटू असोत की आजीच्या हातावरचे जुने हिरवे गोंदण, घड्याळाचा दिवा नेमका त्यावर येत असेल तर हात बदलावा. आपल्या महिलांनी एक गोष्ट जरूर करावी. ज्या हातात बांगड्या त्या हातात व्यायामाच्या वेळी घड्याळ नको. बांगडीचा प्रत्येक धक्का हा घड्याळाच्या दृष्टीने एक ठोकाच असतो.

छातीचा पट्टा या सगळ्यांतून सुटतो, कारण तो प्रकाश वापरतच नाही. हृदयाचे स्नायू आकुंचन पावताना जी विद्युत लाट उठते ती तो थेट टिपतो, म्हणजे तत्त्वतः तो ईसीजीच आहे. याचा इतिहास मोठा रंजक आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी नॉर्मन होल्टर यांनी हिंडत्या-फिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओने पाठवण्याचे यंत्र बनवले. ते पाठीवर घ्यायचे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! आज रुग्णालयात एक-दोन दिवस लावायला देतात त्या होल्टर मॉनिटरला त्यांचेच नाव आहे. पुढे फिनलंडमधील औलू शहरात बर्फावर स्कीने पळणाऱ्या खेळाडूंच्या सरावासाठी बिनतारी पट्ट्याची कल्पना रुजली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तो बाजारात आला. आजचा पट्टा मूठभर वजनाचाही नसतो.

अर्थात पट्टाही निर्दोष नाही. तो कोरड्या त्वचेवर बांधला तर घाम येईपर्यंतची पहिली पाच-दहा मिनिटे वेडेवाकडे आकडे देतो. विद्युत संपर्काला ओलावा लागतो, म्हणून बांधण्यापूर्वी त्याच्या आतील पट्ट्या पाण्याने ओल्या कराव्यात. सैल पट्टा घसरतो, कृत्रिम धाग्याचा सदरा थंड कोरड्या हवेत स्थिर वीज निर्माण करून त्रास देतो, आणि न धुतलेला पट्टा काही महिन्यांत निकामी होतो. ज्यांना छातीवर पट्टा सोसत नाही त्यांनी दंडावर किंवा कोपराखाली बांधायचा प्रकाशीय पट्टा घ्यावा. तिथे मांसल भाग असतो, हाडे आणि शिरा कमी आडव्या येतात, आणि मनगटापेक्षा संकेत चांगला मिळतो. पेसमेकर असणाऱ्यांनी काहीही घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

घड्याळच वापरायचे असेल तर ते मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे वर, घट्ट पण रक्त न अडवणारे असे बांधावे, आणि आधी दहा मिनिटे शरीर तापवावे. बॅडमिंटन, क्रिकेटची गोलंदाजी, वजने उचलणे, रोइंग या प्रकारांत मनगट सारखे वाकते. तिथे मनगटी आकड्याकडे लक्षच देऊ नये. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या जोरदार धावा घेणाऱ्या मुलांनी हेही जाणावे की घड्याळ काही सेकंदांची सरासरी काढते. धाव संपून ते दम खात असतात तेव्हा पडद्यावर धावेचा आकडा उमटतो.

शिवाय आकडा अचूक मिळाला तरी त्याची तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतोच. २२० मधून वय वजा करा हे सूत्र व्यायामशाळेच्या भिंतीवर सर्रास दिसते. ती केवळ सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज असू शकतो. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याला तर हे सूत्र लागूच होत नाही, कारण गोळी ठोक्यांना वर जाऊच देत नाही. अशांची मर्यादा डॉक्टरच ठरवतात. यावर एक जुना, फुकटचा उपाय आहे. सलग पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर व्यायाम मध्यम आहे. दोन-चार शब्दांवर दम लागत असेल तर तो तीव्र आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तर ६ ते २० अशी श्रमाची मोजपट्टीच बनवली. निरोगी प्रौढाने आपल्याला जाणवणारा श्रम त्या पट्टीवर सांगावा आणि दहाने गुणावे, की ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. काकांच्या तुटलेल्या वाक्याने त्या दिवशी खरे सांगितले होते, आणि त्यासाठी चार्जिंग लागले नव्हते.

हे सारे आपल्यासाठी अधिक निकडीचे आहे. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील देशांतील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांत ५८.८ व्या वर्षी. आपल्यातील अनेक जण पन्नाशीच्या आसपास, मुले मार्गी लागल्यावर, पहिल्यांदाच धावायचे बूट विकत घेतात. नेमक्या त्याच वयात. धावू नका असे मी मुळीच सांगत नाही. न धावण्याचा धोका जास्त आहे. मात्र छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झाले, तर मनगटाकडे पाहण्यात वेळ घालवू नये, ९९९ लावावा. काही घड्याळांत ईसीजीची सोय आहे, पण ती स्थिर बसून, दुसऱ्या हाताचे बोट लावून अर्धा मिनिट घ्यायची असते, आणि तिचा उपयोग ठोक्यांची अनियमित लय ओळखण्यापुरता आहे. हृदयविकाराचा झटका ती ओळखत नाही. तसे घड्याळाच्या पडद्यावर आणि सूचनापत्रकातही लिहिलेले असते. ते सूचनापत्रक कोणी वाचत नाही, हे मला मान्य आहे. मीही वाचले नव्हते.

काकांनी फेब्रुवारीत छातीचा पट्टा घेतला. डॉक्टरांनी त्यांची ट्रेडमिल चाचणी करून मर्यादा ११० वरून ११५ वर नेली, याचा त्यांना कोण आनंद! एप्रिलच्या धावेत ते चढावर चालले, उतारावर हळू धावले आणि वाटेत माझ्याशी नागपूरच्या संत्र्यांवर अखंड बोलत राहिले. चौथ्या किलोमीटरला पट्टा घसरला आणि फोन शून्य दाखवू लागला. काका हसले, थांबले, बाही वर करून दोन बोटे मनगटावर ठेवली आणि मला म्हणाले, "पंधरा सेकंद झाले की सांग."